चार वाजताचा आकडा

चार लाख.
फेर्नां फोनवर एवढंच बोलला,
मग विचारलं, रस आला का?

थोडा, मी म्हटलं.
रात्री कडक गोठायला हवं, दिवसा वितळायला हवं,
तेव्हा कुठे मेपल काही सोडतो.
इथे तीन रात्री नुसती ढगाळ ऊब.
बादलीच्या तळाशी बोटभर पाणी, त्यात एक पतंग.

त्याच्या पोटात पाच दिवस सुया.
त्यांनी म्हणे मूळपेशी हाडांतून उठतात, रक्तात उतरतात,
यंत्र त्या वेचून घेतं
आणि उरलेलं रक्त परत करतं.
परत करतं, हे त्याला फार आवडलं.
"बँकेपेक्षा बरं."
हाडं मात्र ठणकत होती, कंबर, छातीचं मधलं हाड,
जणू आत कुणी कपाट सरकवतंय
आणि दार उघडत नाहीये.

वीस लाख लागतात, वजनाच्या दर किलोमागे.
पहिल्या दिवशी चार. दुसऱ्या दिवशी तीन.
तिसऱ्या दिवशी यंत्राला जोडलंच नाही.
नादेज नर्सने त्याचे मोजे चढवून दिले,
म्हणाली, घरी जा, चांगलं जेवा.

शोदिएर नदीवर बर्फ अजून अख्खा होता.
पुलावर आल्यावर तो म्हणाला,
"हाडाच्या आहेत बघ,
हाड सोडायचं नाव नाही."
मी हसले नाही. हसायला हवं होतं.

डॉक्टरीणबाईंनी दोष दिला गोळ्यांना,
वर्षभर ज्यांनी आजार दाबून धरला त्याच गोळ्यांना.
मला ते लगेच समजलं.
गेल्या साली टोचलेल्या जागेपाशी पुन्हा छिद्र पाडलं
तर झाड देत नाही,
आतलं लाकूड तेवढ्यापुरतं तपकिरी, मुकं झालेलं असतं.
वीतभर बाजूला सरकायचं, साल चाचपायची.
पण माणसाला अशा बाजू किती असतात,
हे विचारायचं राहून गेलं.

मधल्या चार आठवड्यांत थंडी परतली आणि रस धो धो आला.
म्हातारा ओनेझिम मदतीला आला, लाकडं फोडून गेला.
फेर्नां भट्टीजवळ खुर्चीत, उचलायची मनाई,
सारखा सांगत राहिला, फेस आला, फेस आला.
चाळीस बादल्या आटवल्या की एक बादली पाक.
ही गोष्ट त्याने डॉक्टरीणबाईंनाही सांगितली होती.
त्यांनी लिहून घेतली नाही.

दुसऱ्या खेपेला एक नवी सुई होती,
महाग, रात्री दहा वाजताची.
ती पेशींना ढकलत नाही,
ज्याला धरून बसल्यात तो हात सोडवते, नादेज म्हणाली.
पेशींचं माहीत नाही,
त्याने मात्र रात्र संडासात काढली.

सकाळी ओठांना मुंग्या, चघळायला खडूसारख्या गोळ्या,
मानेतून एक नळी जाणारी, एक येणारी,
वर टांगलेली पिशवी, टोमॅटोच्या पातळ सारासारखी.
चार वाजता फोन.
अकरा.

सात आणि अकरा, अठरा.
मी ते पाकाच्या वहीत लिहिलं, बादल्यांच्या रकान्यात,
दुसरा कागद जवळ नव्हता.
दोन कमी.
दोन लाख म्हणजे किती? मुंगीच्या डोळ्याएवढे?
एवढ्याशासाठी माणूस अडावा?

दुसऱ्या दिवशी चारला फोन नाही.
साडेचारला नाही.
पाचला मी कढई सोडून घरात गेले,
रिसीव्हर उचलून पाहिला. आवाज होता.
तशीच उभी राहिले.
बाहेरून करपल्याचा वास येत होता, मला येत होता,
तरी हलले नाही.

पाच वीसला वाजला.
"झोप लागली होती," तो म्हणाला.
"पाच."

वहीत त्या तारखेला आहे: तेवीस.
त्याखाली: एक कढई जळाली.

आता त्या पेशी गोठवून ठेवल्यात, वितळवायच्या मे महिन्यात.
त्याआधी त्याला आतून पार रिकामं करणार आहेत,
त्याबद्दल आम्ही अजून बोललो नाही.
घरी आला तेव्हा कोट न काढताच
तो भट्टीच्या खोलीत गेला,
चमच्याने कढईचं बूड खरवडलं, जिभेवर ठेवलं.
"कडू," म्हणाला,
आणि पुन्हा खरवडलं.